आमच्या कुंपणालगतचं शौचालय

अक्कांनी हळूहळू कुठे जाणंच बंद केलं, तेव्हा आम्हाला वाटलं वय झालं, गुडघे दुखत असतील.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. घरातले, शेजारचे, दूधवाला, सगळे त्यांना अक्काच म्हणतात, म्हणून लग्न होऊन पुण्याहून आल्यावर मीही तेच म्हणायला लागले. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही कित्येक पिढ्यांपासून कानडी मुलखातल्या याच शहरातलं. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत कन्नड इतकं मिसळलंय की सुरुवातीला मला त्यांचं निम्मं बोलणं अंदाजानेच घ्यावं लागायचं. काही नको असेल तर त्या ‘बेडा’ म्हणायच्या आणि जरा थांब म्हणायचं असेल तर ‘स्वल्प थांब’. आता पुण्याला आईशी फोनवर बोलताना माझ्याच तोंडून ‘स्वल्प’ निघतं आणि ती हसते.

माझे सासरे, म्हणजे अण्णा, गेल्यावर आम्ही बेळ्ळंदूरचा भाड्याचा फ्लॅट सोडला आणि के. आर. पुरमच्या या घरात अक्कांसोबत राहायला आलो. तेव्हा त्या चांगल्या फिरत्या होत्या. लग्न, मुंज, बारसं, कुणाकडची सत्यनारायणाची पूजा, कुठलंही बोलावणं त्या चुकवत नसत. बसने एकट्या जायच्या आणि आल्यावर कुणाच्या सुनेने काय नेसलं होतं ते सांगत बसायच्या. मग ते एकेक करत कमी झालं. बोलावणं आलं की म्हणायच्या, “तुम्ही जाऊन या ग. मला बेडा.” नवऱ्याने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, गुडघे वयाच्या मानाने उत्तम आहेत, चालत राहा. अक्कांनी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा दिवाणखान्यातल्या त्यांच्या खुर्चीत बसल्या.

त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नातवाचं बारसं बोम्मसंद्राला होतं. बहीण फोनवर रडायलाच लागली, तेव्हा अक्का तयार झाल्या. सकाळपासून त्यांनी काही प्यायलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. कॉफीसुद्धा त्यांनी अर्धी ठेवली. मला वाटलं, बहिणीकडे जायच्या आनंदात असतील.

बारसं छान झालं. बहिणीने आग्रह करकरून मठ्ठा पाजला. परतताना आउटर रिंग रोडवर बेळ्ळंदूरच्या अलीकडे गाडी अडकली. पुढे पाण्याच्या पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला होता आणि गाड्या मुंगीच्या पावलांनीही हलत नव्हत्या. नवरा गाडी चालवत होता, मी आणि अक्का मागे. बराच वेळ गेला. मग अक्कांनी माझं मनगट धरलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या समोर बघत होत्या, ओठ घट्ट मिटलेले. आधी मला वाटलं, छातीत दुखतंय. मी कानाशी वाकून विचारलं, “अक्का, काय होतंय?” त्यांनी नुसती मान हलवली. आणि माझं मनगट आणखी घट्ट धरलं. मग मला समजलं.

बाहेर उतरून जावं असं काही नव्हतं. एका बाजूला काचेच्या उंच इमारती, त्यांना दारं होती पण दारांवर पहारेकरी होते, आणि मध्ये दुभाजक. दुसऱ्या बाजूला खणलेला चर. मी नवऱ्याला काही म्हणणार इतक्यात त्यांनी बोटांनी मला दाबलं, त्याला सांगू नको म्हणून. थोड्या वेळाने त्यांची पकड सैल झाली. त्यांनी डोळे मिटून घेतले. निळी रेशमी साडी होती, बहिणीसाठी मुद्दाम काढलेली.

माझ्या पायाशी पाण्याची बाटली होती. मी ती उचलली, झाकण उघडलं आणि अक्कांच्या मांडीवर आणि सीटवर सगळी ओतली. मग मोठ्याने म्हणाले, “अरे देवा, बाटली सांडली माझ्या हातून. अक्का, सगळं भिजलं हो तुमचं.”

नवरा वळून म्हणाला, “काय ग तू, सांभाळून जरा.” आणि त्याने पुढून टॉवेल दिला.

अक्कांनी डोळे उघडले. मी टॉवेल त्यांच्या मांडीवर पसरला. घरी पोचेपर्यंत त्यांचा हात माझ्या हातावरच होता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला जायला निघाले, तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, “गुडघे नाहीत ग. हेच आहे. धरवत नाही मला आता. बाहेर गेलं की कुठे जायचं, हा एकच विचार मनात. म्हणून जातच नाही मी.”

“डॉक्टरांना का नाही सांगितलं?”

“तो शेजारी बसला होता ना,” त्या म्हणाल्या. तो म्हणजे त्यांचा मुलगा.

मी त्यांना एका बाई डॉक्टरांकडे घेऊन गेले, आम्ही दोघीच गेलो. गोळ्या सुरू झाल्या, थोडा फरकही पडला. पण खरी गोष्ट सुरू झाली ती यानंतर, आमच्या फाटकाशी.

आमच्या घराच्या बाजूला पालिकेचं उद्यान आहे. आमचं कुंपण आणि उद्यानाची जाळी यांच्यामध्ये एक लांबट पट्टी आहे, तीही पालिकेचीच. पण माझ्या सासऱ्यांनी फार पूर्वी तिथे सोनचाफा लावला, मग कढीपत्ता, जास्वंद, आणि ती पट्टी आमचीच असल्यासारखी झाली. त्या पट्टीच्या तोंडाशी, सोनचाफ्याच्या सावलीत, एक फुलवाली बसते. शेवंती, मोगरा, अबोली. माळ हातावर मापून देते, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक ‘मोळ’. ती सकाळी होसकोटेच्या बाजूने बसने येते आणि दिवेलागणीला परत जाते.

एके दिवशी ऑफिसातून आले तर अक्का तिच्याशेजारी कठड्यावर बसलेल्या. पुढच्या दिवशीही. मग रात्रीच्या जेवणाला त्या मला म्हणाल्या, “ती दिवसभर पाणी पीत नाही. सकाळी घरून कॉफी पिऊन निघते, ती परत जाऊन तांब्याभर पिते. उन्हाळ्यातपण. दोनदा दवाखान्यात राहून आली म्हणे, लघवीला जळजळ होऊन ताप येतो. मी विचारलं, मग जातेस कुठे? तर हसली नुसती.”

“आपल्याकडे येऊ दे की,” मी म्हटलं.

“तेच सांगितलं.”

ती आली. पहिल्यांदा आली तेव्हा पाय धुऊन आली, आत जाताना अंग चोरून गेली. मग परत एकदा आली. तिसऱ्या वेळेला नवरा घरून काम करत होता, दिवाणखान्यात लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये बोलत होता. ती दारातूनच माघारी फिरली आणि नंतर आली नाही. अक्का बोलवायला गेल्या तर म्हणाली, “बेडा अम्मा. रोज रोज कुणाच्या घरात असं जाता येतं का?” उद्यान झाडणाऱ्या बायकांचंही तेच. त्या तर पार मागच्या नाल्यापर्यंत चालत जायच्या, आणि तेही दोघी-तिघी मिळून.

त्याच सुमाराला आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला. वॉर्डाच्या पुढच्या बजेटसाठी रहिवाशांच्या सूचना मागवल्या होत्या. आमच्याकडे बरीच वर्षं निवडणूक झालेली नाही, त्यामुळे नगरसेवक नाही, अधिकारीच बैठक घेतात. ग्रुपवर सूचना येऊ लागल्या. उद्यानात कारंजं, झाडांवर रंगीत दिवे, व्यायामाची यंत्रं, योगासनांसाठी कट्टा. मी लिहिलं, उद्यानाजवळ सार्वजनिक शौचालय हवं, बायकांसाठी तरी. बऱ्याच जणांनी हात जोडलेलं चिन्ह पाठवलं. एकाने लिहिलं, कल्पना चांगली, जागा कुठे? दुसऱ्याने लिहिलं, वास येईल, नको ते लोक येऊन बसतील. मग पुन्हा कारंजं सुरू झालं.

रहिवासी संघाचे अध्यक्ष आमच्या समोरच राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन गृहस्थ. माझे सासरे आजारी होते तेव्हा हॉस्पिटलात त्यांच्याजवळ रात्री यांनीच काढल्या होत्या. ते मला फाटकाशी भेटून समजावून गेले. म्हणाले, “तुमचं चुकीचं नाही. पण लोकांना सुंदर काहीतरी बघायला हवं असतं. शौचालय म्हटलं की भांडणं होतात. कारंज्यावर कुणी भांडत नाही.”

अक्का व्हरांड्यातून ऐकत होत्या. बैठकीच्या दिवशी त्या साडी बदलून तयार होऊन बसल्या. मी म्हटलं, “अक्का, तिथे किती वेळ लागेल सांगता येत नाही.” त्या म्हणाल्या, “गोळी घेतली आहे. चल.”

वॉर्ड ऑफिसच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलापलीकडे दोन अधिकारी आणि वॉर्डाची इंजिनिअर, तरुण मुलगी, केसांचा अंबाडा घातलेली. आधी खड्डे झाले, मग कचऱ्याची गाडी, मग पिण्याच्या पाण्याचे टँकर. त्यावर बराच आवाज चढला. उद्यानाचा विषय आला तेव्हा निम्मे लोक उठून गेले होते. अध्यक्षांनी कारंज्याचं पत्र वाचून दाखवलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, आणखी कुणाला काही?

मी उठणार होते. माझ्या आधी अक्का उठल्या. मी त्यांना कधी चार माणसांसमोर बोलताना ऐकलं नव्हतं. त्या कन्नडमध्ये बोलल्या, अगदी हळू, त्यामुळे हॉल गप्प झाला.

त्या म्हणाल्या, “मी उद्यानाशेजारीच राहते. माझं वय झालंय. मला लघवी धरवत नाही. त्यामुळे मी लग्नाला जात नाही, देवळात जात नाही, सख्ख्या बहिणीकडे जात नाही. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायची लाज वाटते. पण माझ्या घराबाहेर एक बाई बसते, ती माझ्यापेक्षा कितीतरी लहान आहे, तिला हा आजार नाही, तरी तिचं माझ्यासारखंच झालंय. ती पाणी पीत नाही. तुमचं उद्यान झाडतात त्या बायका पाणी पीत नाहीत. तुम्ही कारंजं बांधा. त्या बायका त्या पाण्याकडे बघत तहानलेल्या बसतील.”

अध्यक्षांनी चष्मा काढून हातात घेतला. मग मागच्या रांगेतला एक माणूस, रागाने नाही, खरंच न कळल्यासारखं म्हणाला, “पण अम्मा, तुमचं घर तर तिथेच आहे. तुम्हाला काय गरज?”

“हो ना,” अक्का म्हणाल्या. “मला पळत जायला घर आहे. म्हणून तर कळलं, पळणं काय असतं.”

मागच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “माझंही तेच आहे.” त्यांची सून त्यांच्याकडे पाहतच राहिली.

मग जागेचा प्रश्न आला आणि हॉल पुन्हा जागा झाला. उद्यानाच्या मुख्य दाराशी नको, तिथे देऊळ आहे. पूर्वेला नको, तिथे मुलांची शाळा. बस थांब्याकडे नको, दुकानदार ऐकणार नाहीत. प्रत्येकाला शौचालय हवं होतं, फक्त आपल्या बाजूला नको होतं. शेवटी ती इंजिनिअर नकाशावर बोट ठेवून म्हणाली की खरं पाहता प्रश्नच नाही, ड्रेनेजची मोठी लाइन एकाच बाजूने जाते, पश्चिमेच्या पट्टीतून. दुसरीकडे न्यायचं तर रस्ता फोडावा लागेल आणि बजेटमध्ये ते बसणार नाही.

पश्चिमेची पट्टी म्हणजे आमचं कुंपण. म्हणजे सोनचाफा. सगळे आमच्याकडे बघायला लागले. अध्यक्षांनी तर मान खाली घातली.

अक्कांनी विचारलं, “संपिगेचं, सोनचाफ्याचं झाड आहे तिथेच?”

“तिथेच,” ती म्हणाली. “झाड ठेवायचा प्रयत्न करू. पण सांगता येत नाही.”

अक्का उभ्याच होत्या. माझ्या खांद्यावर हात होता त्यांचा. मग म्हणाल्या, “नम्म मने पक्कदल्ले माडी.” आमच्या घराशेजारीच करा.

घरी चालत येताना त्या म्हणाल्या, “बोलून तर आले. आता त्याला कसं सांगू?”

नवऱ्याला त्याच संध्याकाळी कळलं, ग्रुपवरूनच; तिथे फक्त जागा ठरल्याचं लिहिलं होतं. तो चिडला. तो सहसा चिडत नाही, त्यामुळे घरात सगळं अवघडून गेलं. “सगळ्या लेआउटमध्ये आपलंच घर सापडलं का? खिडकी उघडता येणार नाही. आणि अण्णांचं झाड आहे ते. अण्णा रोज पाणी घालायचे त्याला. तुला काहीच वाटलं नाही, अक्का?”

अक्का म्हणाल्या, “जागा आपली नाही ना रे.”

“मग इतकी वर्षं कुणी काही म्हणालं का?”

मी मध्ये बोलायला गेले, तर अक्कांनी मला डोळ्यांनी थांबवलं. नंतर स्वयंपाकघरात मी म्हटलं, “अक्का, त्याला खरं कारण सांगा. हॉलभर लोकांसमोर सांगितलंत, त्याला सांगायला काय झालं?”

त्या कढीपत्त्याची पानं खुडत होत्या. म्हणाल्या, “त्या लोकांना सांगणं सोपं होतं ग. याला मी न्हाऊ-माखू घातलंय. याचे ओले कपडे मी बदललेत. त्याला हे कसं सांगू?”

काही दिवस घरात बोलणं बेतापुरतं राहिलं. नवरा ऑफिसला जाताना सोनचाफ्याकडे बघून जायचा. मग एका रविवारी तो गाडी धूत असताना समोरचे अध्यक्ष आले. मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते, मला दिसलं. ते बराच वेळ बोलत होते, हळू आवाजात. नवऱ्याच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

तो आत आला आणि सरळ अक्कांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. त्या डाळ निवडत होत्या. तोही डाळीतले खडे काढायला लागला, त्याला ते कधी जमलेलं नाही. मग म्हणाला, “अक्का, मावशीला भेटायला जायचं का? रस्त्यात चांगली हॉटेलं आहेत, मी बघून ठेवीन. तू म्हणशील तिथे थांबू. वेळ लागला तर लागू दे.”

अक्का म्हणाल्या, “तुला कुणी सांगितलं?”

“कुणी सांगितलं तरी काय.”

त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे केस पुढून विरळ झालेत, तिथे. मी कपड्यांची रिकामी बादली घेऊन जिन्यातच थांबले.

त्या रात्री झोपताना त्याने मला विचारलं, “बारशाहून येताना ती बाटली खरंच सांडली होती?”

“हो,” मी म्हटलं. “माझ्या हातून सांडली.”

त्याने हात लांब करून दिवा मालवला.

काम मंजूर झालं, म्हणजे बजेटमध्ये आलं. पण बजेटमध्ये येणं आणि जमिनीवर येणं यात किती अंतर असतं, ते आम्हाला नंतर कळलं. मार्च आला आणि निधी परत गेला, कारण टेंडर निघालंच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा घातलं. कुणीतरी हरकतीचा अर्ज केला, कोणी ते आम्ही शोधलं नाही. मग शहराची मोठी पालिका मोडून तिच्या जागी लहान लहान पालिका झाल्या, आणि आमची फाइल कुठल्या इमारतीत गेली ते कुणालाच सांगता येईना.

अक्का आणि मी मधूनमधून ऑफिसात जायचो. ती तरुण इंजिनिअर निपाणीकडची निघाली. पहिल्यांदा तिने अक्कांना “आई, बसा की” म्हटलं, तेव्हा अक्का चकित होऊन माझ्याकडे बघायला लागल्या. दोघींची मराठी दोन टोकांची, पण जमायचं. एकदा खूप वेळ थांबावं लागलं. इंजिनिअरच्या लक्षात आलं असावं, तिने उठून ड्रॉवरमधून किल्ली काढली आणि अक्कांच्या हातात दिली. “मागच्या बाजूला आहे, साहेबांचं. इथे बायकांसाठी वेगळं नाही. मी समोरच्या हॉटेलात जाते रोज. पैसे देऊन कॉफी मागवते आणि तशीच सोडून येते.”

अक्का परत आल्यावर तिला म्हणाल्या, “तुझ्या ऑफिसचंपण बजेटमध्ये घाल ना.”

ती हसली. “घातलं होतं. रंगरंगोटीला गेलं.”

शेवटी यंदा थंडीत काम सुरू झालं. आधी कढीपत्ता आणि जास्वंद गेली. सोनचाफा ठेवायचा म्हणून त्यांनी बांधकाम थोडं सरकवलं, खोल्या लहान केल्या. पण पाइपसाठी चर खणताना मुळं तुटली. त्या दिवशी नवरा घरी होता. तो बाहेर जाऊन उभा राहिला आणि तुटलेली मुळं उचलून एका बाजूला ठेवत राहिला. अक्का व्हरांड्यातून म्हणाल्या, “आत ये रे. ऊन आहे.”

झाड महिनाभर हिरवं होतं. मग पानं पिवळी पडली आणि गळाली. आम्ही खत घातलं, बुंध्याशी ओल ठेवली. नर्सरीतला माणूस बघून गेला आणि म्हणाला, आता नाही. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. रात्री मला म्हणाल्या, “त्यांनी सावलीसाठी लावलं होतं. जागा कुणाची, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीपण नाही. फुलं मात्र आपणच घेतली इतकी वर्षं.” मग म्हणाल्या, “तरी वाईट वाटतं ग. खूप वाईट वाटतं.” मी त्यांच्या पायांवर शाल ओढली आणि त्यांना झोप लागेपर्यंत तिथेच बसून राहिले.

शौचालय उघडलं तेव्हा समारंभ वगैरे काही झाला नाही. एका सकाळी कुलूप काढलेलं दिसलं, एवढंच. फिकट पिवळ्या भिंती, बायकांच्या बाजूला वेगळं दार, आत कडी, खुंटी, आणि पिशवी ठेवायला कडप्पा. ती कडप्प्याची फळी इंजिनिअरने आठवणीने करून घेतली होती. फुलवाली बराच वेळ गेलीच नाही. टोपली कुणाजवळ ठेवायची, असं म्हणाली. अक्का तिच्या जागी बसल्या. “जा तू. मी बघते फुलं.”

ती आत गेली. तेवढ्यात एक बाई मोगरा घ्यायला आली, आणि अक्कांनी आपल्या हाताने मोळ मापून दिला. त्यांचा हात लहान, त्यामुळे माळ आखूड पडली असणार. ती बाई तशीच पैसे देऊन गेली. फुलवाली पदराला हात पुसत परत आली, टोपलीमागची बाटली काढली आणि भर उन्हात, सगळ्यांसमोर, घटाघटा पाणी प्यायली. अक्का तिच्याकडे अशा बघत होत्या, जसं एखाद्या आजारी मुलाने पहिल्यांदा नीट जेवावं आणि आईने बघत राहावं.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. स्वच्छतेचा माणूस दोन-दोन दिवस येत नाही. पुरुषांच्या बाजूचा नळ कुणीतरी काढून नेला. वारा आमच्या बाजूचा असला की खिडकी लावून घ्यावी लागते, नवऱ्याचं ते म्हणणं खोटं नव्हतं. कारंजं झालं नाही, म्हणून काही लोक अजून आमच्यावर नाराज आहेत. आणि पालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे टाकी कोरडी पडते.

अक्का मात्र पुन्हा बाहेर पडायला लागल्या. बहिणीकडे दोनदा जाऊन आल्या. बोलावणं आलं की आता त्या फोनवर सरळ विचारतात, “बाथरूम खालीच आहे ना? सरी, ठीक आहे, येते.” पलीकडचे लोक आधी गडबडतात, मग सांगतात. मागच्या गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या बाई आणि अक्का संध्याकाळी उद्यानात फेऱ्या मारतात, हातात हात घालून, आणि फुलवालीशी बोलत उभ्या राहतात.

टाकीचं आम्ही आमच्या परीने सोडवलंय. म्हणजे नवऱ्यानेच. पहिल्यांदा टाकी कोरडी पडली तेव्हा त्याने कुणाला न विचारता आमच्या संपमधून, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतून, पाइप काढला आणि कुंपणावरून पलीकडे टाकला. आता पालिकेचं पाणी नसेल त्या सकाळी ऑफिसला जायच्या आधी तो मोटर लावतो आणि कॉफीचा ग्लास घेऊन कुंपणापाशी उभा राहतो. पलीकडे अक्का टाकीकडे मान वर करून बघत थांबतात, शेजारी फुलवाली गजरे बांधत असते. पाणी वरून सांडायला लागलं की दोघी एकदमच ओरडतात, आणि तो मोटर बंद करायला पळतो.